चुण्यांचा दिवा

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही म्हणून हे पत्र. आधी मला वाटलं, नंबर बदलला असशील. खालच्या दुकानातल्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, आजी, त्यांनी तुमचा नंबर बंद करून ठेवलाय. मी म्हटलं, नाही गं, कामात असेल. म्हणजे तुझ्यासाठी मला परक्या मुलीपुढे सारवासारव करावी लागली.

पत्ता तुझ्या आईनं दिला. विहीणबाई औषधाच्या दुकानात भेटल्या, दोन वर्षांनी. पत्ता लिहून देताना त्यांनी दोनदा विचारलं, कशाला हवाय. मी म्हटलं, कामाचं आहे. आणि आहेही कामाचंच.

नाट्यगृहाच्या जिन्यावरचा आपला दिवा. त्याच्या वरच्या दोन गोल कड्यांवरच्या कापडाच्या पाकळ्या बदलायच्या आहेत. धूळ बसली आहे, बाकी काही नाही. ते आग न धरणारं कापड कोणत्या व्यापाऱ्याकडून आणलं होतं आणि एका पाकळीला रुंदी किती धरली होती, एवढं कळव. माझ्या वहीत ‘बावीस चुण्या’ एवढंच लिहिलेलं आहे. रुंदी तू फुटपट्टीनं सांगायचीस आणि मी कात्री चालवायचे, त्यामुळे ती काही माझ्या डोक्यात राहिली नाही.

मी हे लिहितेय ते माझ्या मुलाला माहीत नाही. तो हल्ली फार कामात असतो. दिव्याचं नाव झालं, मासिकात फोटो आला, त्यावरून आणखी दोन कामं आली. पुढच्या खोलीत तुमचं दोघांचं ऑफिस होतं तिथे आता तीन टेबलं आहेत. तुझं टेबल खिडकीकडे सरकवलंय. त्यावर प्रिंटर असतो.

आर्किटेक्टांच्या संघटनेकडे तू केलेल्या तक्रारीचं पुढे काय झालं, चौकशीत कोण काय बोललं, त्यात मी कधी पडले नाही. ते तुम्हा दोघांचं. मला एवढंच दिसलं की नाट्यगृहाच्या फॉर्मवर आर्किटेक्टच्या नावासाठी एकच ओळ होती, त्यानं तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि तू बॅग भरलीस. एका ओळीवरून कोणी संसार मोडतं का, हे मी तेव्हा विचारलं होतं, आजही विचारते.

उत्तर लवकर पाठव. उन्हाळ्याआधी काम उरकायचं आहे.

आई


२ मार्च

सूनबाई,

अठरा दिवस झाले. पत्र पोचलंय, टपालाची पोच माझ्याकडे आहे, त्यावर तुझी सहीही आहे. म्हणजे हातात घेतलंस आणि ठेवून दिलंस.

बरं. धूळ नाही. पाकळ्या करपल्या आहेत. सगळ्यात वरच्या कड्याच्या पार चहाच्या रंगाच्या झाल्यात आणि त्याखालच्यांच्या कडा पिवळ्या पडल्यात. नाट्यगृहाच्या वायरमननं एक पाकळी उतरवून घरी आणून दिली. मी हातात घेतली तर वाळक्या पानासारखी चुरली. वायरमन म्हणाला, बाई, हे पेट घेणार नाही, पण एक दिवस माणसांच्या डोक्यावर झडेल. व्यवस्थापकांनी सांगितलंय की जूनच्या आत दुरुस्त झाला नाही तर उतरवून टाकू, बाजारात तयार झुंबर मिळतं.

आणि पहिलं पत्र मी त्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. प्रश्न त्यानंच सांगितले. ‘धूळ’ हा शब्दही त्याचाच. हे पत्र मात्र माझं आहे.

तुला आठवतं का, मला तर सारखं आठवतं. मी खिडकीशी बसून पडद्याला चुण्या घालत होते. तुमचं आत भांडण चाललं होतं. त्याला काचेचे लोलक हवे होते, आणि तुला लोलक नको एवढंच कळत होतं, काय हवं ते कळत नव्हतं. तू बाहेर आलीस ती थबकलीस. म्हणालीस, “आई, तो पडदा तसाच धरा.” मी धरला. हात भरून आले तरी तू सोडू देईनास. घडीत काळोख, दोन घड्यांच्या मधे उजेड, ते तू कुठून कुठून बघत होतीस, एकदा तर जमिनीवर आडवी झालीस. मग म्हणालीस, “हे मला शिकवा.”

एकोणतीस वर्षं मी शाळेत शिवण शिकवलं. मुलींचं सगळं लक्ष घंटेकडे. ‘हे मला शिकवा’ असं आपणहून कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आठ महिने. सात कडी, दोनशे सोळा पाकळ्या. पहिल्या पाकळीचे तुझे टाके मी सगळे उसवायला लावले आणि तू तोंड वाकडं न करता उसवलेस. इस्त्री फिरवायची नाही, कापडाला चकाकी येते, त्याऐवजी कच्चा दोरा घालून वाफ द्यायची आणि सुकलं की दोरा ओढून घ्यायचा, हे माझं. एका कड्याच्या चुण्या डावीकडे, पुढच्या कड्याच्या उजवीकडे, म्हणजे जिना चढणाऱ्याला दिवा हळूच फिरल्यासारखा वाटेल, हे तुझं. त्याचं काय होतं ते आठवायला बसले तर एवढंच आठवतं की जेवायच्या टेबलावर कायम कापड का पसरलेलं असतं म्हणून तो चिडायचा.

तुझ्या आईनं सांगितलं, तू आता फरशीच्या दुकानात बसतेस, गिऱ्हाइकांना न्हाणीघरांची ड्रॉइंगं काढून देतेस. मी म्हटलं, छानच की. विहीणबाईंनी औषधाची पुडी उचलली आणि निघून गेल्या.

रुंदी कळव.

आई


१९ मार्च

तुझं उत्तर आलं. पाच ओळी, त्याही टाइप केलेल्या. वर काही नाही, खाली सही नाही.

“कापड बदलून उपयोग नाही. नवीनही करपेल. वर बसवलेलं पितळेचं झाकण काढा. मूळ ड्रॉइंगमध्ये झाकण नाही. वरच्या कड्याशी चार बोटं मोकळी ठेवली होती ती गरम हवा जाण्यासाठी.”

मला राग आला. आठ महिने एका टेबलावर बसलो, एका किटलीतला चहा प्यायलो, आणि दुकानदाराला लिहावं तसं लिहिलंस. दिवसभर ते पत्र मी उलटं करून ठेवलं होतं. मग संध्याकाळी सरळ केलं आणि परत वाचलं, तेव्हा दिसलं की मी विचारलं होतं त्यापेक्षा तू जास्त सांगितलंयस. मी रुंदी विचारली होती. तू दिवा वाचवायचा उपाय दिलास. न दिला असतास तरी तुला कोणी बोललं नसतं.

झाकण तू गेल्यावर महिन्याभरात बसलं. वरच्या मजल्यावरून पाहिलं की तारा आणि हॅलोजनचे होल्डर दिसतात, ओबडधोबड वाटतं, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः कारागिराकडे चार चकरा मारून आला, घडवून घेतलं, पॉलिश करून घेतलं. मासिकात त्या झाकणावरच चार ओळी आहेत, मुकुटासारखं वगैरे; तू ते तिथल्या फोटोतच पाहिलं असशील. खरं सांगायचं तर अख्ख्या दिव्यात तेवढं एकच त्याचं आहे.

तुझा कागद मी त्याला दाखवला. तो वाचून हसला. म्हणाला, तिला अजून वाटतं दिवा तिचाच आहे. मी म्हटलं, अरे, हवा कोंडते म्हणतेय ती, एकदा काढून तर बघ. तो म्हणाला, तू यात पडू नकोस. मी पडले नाही. उठून भांडी आवरायला घेतली. मला ते चांगलं जमतं.

आई


७ एप्रिल

सूनबाई,

त्यानं नाट्यगृहाला पत्र पाठवलंय. मी ते मुद्दाम शोधलं नाही, प्रिंटरवर एक प्रत राहिली होती, तुझ्या टेबलावर. त्यात लिहिलंय की डिझाइनमध्ये काही दोष नाही, मात्र ‘शिवणकाम घरगुती पातळीवर झाल्यामुळे कापडावरील प्रक्रियेत कसूर राहिली’.

कसूर. दोनशे सोळा पाकळ्यांमध्ये एक टाका इकडचा तिकडे दाखव. मी शाळेत नुसत्या काजांसाठी मुलींना रडवलंय.

मी कागद घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. तो म्हणाला, “आई, तुझं नाव कुठे घातलंय? घरगुती म्हटलंय फक्त.”

तो असं बोलला आणि मला एकदम तुझा चेहरा दिसला. फॉर्म हातात घेऊन तू अशीच त्याच्यासमोर उभी होतीस आणि तेव्हाही तो म्हणाला होता, तुझं नाव खोडलं कुठे, लिहिलं नाही फक्त. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं.

आता राहिलेलं सांगते. चौकशीत मी कधी पडले नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तुला ते वाचून काय वाटलं असेल. तू तर दाराबाहेर बाकावर बसली होतीस.

आत तीन माणसं होती, दोन पुरुष आणि एक बाई. संघटनेचं ऑफिस, लांब टेबल, कोपऱ्यात गुंडाळलेल्या ड्रॉइंगांचा ढीग. बाईंनी मला पाणी दिलं. मग विचारलं, हा दिवा कोणाच्या कल्पनेतून आला? मी म्हटलं, “माझ्या मुलाच्या. माझ्या डोळ्यांदेखत काढला त्यानं.”

“आणि सूनबाई?”

“ती मला कापड कापून द्यायची.”

हे मला कोणी शिकवून पाठवलं नव्हतं. त्यानं येताना गाडीत एवढंच म्हटलं होतं की तुला जे आठवतं ते सांग. कापड कापायचं माझं मीच रचलं. त्या बाई म्हणाल्या, नक्की ना? मी म्हटलं, मी शिक्षिका होते, या वयात खोटं बोलून मला काय मिळणार.

काय मिळणार ते मला चांगलं माहीत होतं. एकुलता एक मुलगा, त्याच्या घरातली एक खोली, आणि दुखलंखुपलं तर दवाखान्यात न्यायला माणूस. तू त्याला सोडून निघालीच होतीस. तू आज ना उद्या जाणार आणि तो राहणार, असा साधा हिशोब मी त्या खुर्चीत बसून केला, पाण्याचा पेला संपायच्या आत.

बाहेर आले तेव्हा तू उठून उभी राहिलीस. सवयीनं. मी तुझ्याकडे न बघता जिना उतरले. नंतर ऐकलं की तुझी तक्रार खोटी ठरवून सगळ्या ऑफिसांना तसं कळवलं गेलं आणि तुला कुठेच कोणी घेतलं नाही. मी स्वतःशी म्हटलं, तिचा स्वभावच हट्टी.

हे दोन वर्षं मला बोचत होतं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल कदाचित. नव्हतं बोचत. मी नीट जेवत होते, झोपत होते, मासिकातलं पान फ्रेम करून मीच भिंतीला लावलं. ‘कसूर’ हा शब्द माझ्या टाक्यांना लागला तेव्हा बोचलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी कशी बाई आहे ते मला या वयात कळलं, ते तुलाही माहीत असावं म्हणून लिहिलं. तुला बहुतेक आधीच माहीत असेल.


२३ एप्रिल

सूनबाई,

सोमवारी सकाळी मी त्याला सांगितलं की मी संघटनेत जाऊन खरं काय ते सांगणार. तो दाढी करत होता. त्यानं हात थांबवला नाही. आरशातूनच म्हणाला, “तेव्हा खोटं बोललीस म्हणतेस. मग आत्ता खरं बोलतेयस हे कशावरून मानतील?”

मी तरीही गेले.

संघटनेत ती तीन माणसं आता नाहीत, नवीन आलीत. कारकून बाईंनी फाइल शोधली, मला बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, प्रकरण बंद झालं आहे, उघडायचं तर तक्रारदारानं स्वतः अर्ज करायला हवा, आणि तोही एका वर्षाच्या आत करायचा असतो. एक वर्ष तर कधीच उलटून गेलं. त्यांनी सहज विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, सासू. त्यांनी एकदा फाइलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, चहा घेणार का. मी नको म्हटलं.

तिथून तशीच नाट्यगृहात गेले. दुपारची वेळ, तिकीटखिडकी बंद, जिना पुसायचं काम चाललेलं, त्यासाठी दिवा लावलेला. मी खालून वर पाहिलं. तू म्हणायचीस तसा तो फिरतो अजून. सहाव्या पायरीपर्यंत डावीकडे, मग उजवीकडे. फक्त वरचा भाग एखादा जुना डाग पडल्यासारखा.

व्यवस्थापक चांगला माणूस आहे, पण कागदाशिवाय पान हलू देत नाही. मी म्हटलं, झाकण काढा, दिवा वाचेल. ते म्हणाले, तुम्ही कोण सांगणार? मी म्हटलं, मी शिवला आहे. ते म्हणाले, शिवणाऱ्याच्या सांगण्यावरून डिझाइनला हात कसा लावायचा, ज्यानं काढला त्यानं सांगायला हवं.

मी तुझा पाच ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, जिनं काढला तिनं सांगितलंय. त्यांनी तो वाचला, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर त्याचं नाव.

“पाटी चुकीची आहे,” मी म्हटलं.

“हे तुम्ही लिहून द्याल?”

मी लिहून दिलं. त्यांच्या टेबलावर बसून, त्यांच्याच कागदावर. कल्पना कोणाची, ड्रॉइंग कोणाचं, झाकण कोणी आणि कधी बसवलं, आणि चौकशीत मी काय खोटं सांगितलं, सगळं. तुझं नाव लिहिताना आडनाव कोणतं लिहू तेच कळेना. आमचं लिहिलं होतं, ते खोडलं आणि तुझ्या माहेरचं लिहिलं. खाडाखोडीवर वेगळी सही करावी लागली. त्याची प्रत सोबत आहे.

मग वायरमनला बोलावलं. त्याचे गुडघे धरलेत, शिडीवर चढायला त्याला बराच वेळ लागला. मी खाली शिडी धरून उभी होते. चार स्क्रू होते. झाकण हातात घेतल्यावर तो म्हणाला, अहो बाई, अजून चटका बसतोय. दिवा बंद करून अर्धा तास झाला होता तेव्हा.

पितळ जड असतं. मी ते घरी आणलं नाही, तिथेच त्यांच्या सामानाच्या खोलीत ठेवायला सांगितलं.

आई


९ मे

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. या वेळी हातानं लिहिलेली. “झाकण काढलंत ते बरं झालं. बाकीचं मला आता नको.”

मी ती दोन-तीनदा वाचली. ‘बाकीचं’मध्ये काय काय येतं ते मी विचारणार नाही. लिहून दिलेल्या कागदाची प्रत तू परत पाठवलीस, तीही मिळाली. ठेवली आहे.

दिवा राहिला. पंधरा दिवस त्यांनी रोज संध्याकाळी तपासला, कापड नुसतं कोमट होतं म्हणाले. वरच्या दोन कड्यांच्या पाकळ्या मी नव्यानं करतेय. रुंदी शेवटी जुनी पाकळी उसवून मोजली, आधी सुचलंच नाही. कापड तेच मिळालं नाही, एक छटा वेगळी आहे, पण उजेड लागला की कळत नाही. डोळे आता साथ देत नाहीत, दिवसाला दोन होतात, कधी एकच. या वेळी टेबलावर समोर कोणी नाही, त्यामुळे बोलणं होत नाही आणि काम भराभर व्हायला हवं, तरी होत नाही.

पाटी तशीच आहे. व्यवस्थापकांनी माझा कागद त्याला पाठवून खुलासा मागितला होता. त्यानं पाठवला. मला दाखवला नाही, व्यवस्थापकांनीच सांगितलं, जरा चाचरत. त्यानं लिहिलंय की आईचं वय झालं आहे, हल्ली तिला गोष्टी नीट आठवत नाहीत, काही वेळा ती घडलेलं आणि न घडलेलं एक करते, तरी तिच्या लिहिण्याकडे सहानुभूतीनं पाहावं. व्यवस्थापकांनी मला विचारलं, बाई, औषधं वगैरे चालू आहेत का. मी म्हटलं, रक्तदाबाची.

झाकण काढल्याबद्दल त्यानं हरकत घेतली नाही. आता सगळ्यांना सांगतो की देखभालीसाठी त्यानंच काढायला लावलं.

मी त्याच्याशी भांडले नाही. त्यानंही आवाज चढवला नाही, तो तसा नाहीच. घरात सगळं व्यवस्थित आहे. माझ्या गोळ्या वेळेवर आणतो, डॉक्टरांकडे न्यायची तारीख लिहून ठेवतो. मला एकटीला बाहेर सोडायचं नाही असं खालच्या दुकानातल्या मुलीला सांगून ठेवलंय, ती आता मला पाहिलं की दुकान सोडून धावत येते. संध्याकाळी तो पुढच्या खोलीत काम करतो, मी आतल्या खोलीत चुण्या घालते, मधलं दार उघडं असतं.

काल सकाळी मी टेबलाशी बसले होते. त्यानं चहा ठेवला, दोन कप काढले आणि पाठमोराच म्हणाला, “तुम्ही घेणार का?”

आजवर तो मला ‘तू’च म्हणत आला, म्हणून मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते. मागे कोणी नव्हतं.